विमानातला फोटोवाला

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्षी वर्धापनदिनाला एका सभासद बाईने काहीतरी वाचून, विचारून, समजून घेऊन चार शब्द बोलायचे हा आपल्या मंडळाचा रिवाज. माझी पाळी मी आजवर चार वेळा चुकवली. एकदा सासूबाईंचे दुखणे, एकदा थोरलीची परीक्षा, आणि दोनदा, खरे सांगायचे तर, नुसती भीती. माझे शिक्षण सातवी. या ठिकाणी पदवीधर भगिनी बोलून गेल्या आहेत, त्यांच्यामागून मी काय बोलणार? पण या खेपेला चिटणीसबाई घरी आल्या, चहा घेतला, आणि माझे नाव वहीत लिहूनच उठल्या. तेव्हा चुकलेमाकले सांभाळून घ्या.

विषय मात्र मी माझ्या मनाचा घेतला आहे. एक माणूस विमान चालवीत देशोदेशी फिरला आणि जाईल तिथल्या शहरांची, डोंगरांची, माणसांची छायाचित्रे काढून घरी घेऊन आला, त्याची ही हकीकत. तुम्ही म्हणाल, हिला विमानाचे काय पडले आहे? मी जन्मात विमानात बसलेली नाही. एस. टी.तसुद्धा मला खिडकीजवळ बसले की गरगरते. तरी हा विषय का घेतला ते बोलण्याच्या ओघात कळेलच.

गेल्या दिवाळीत थोरली घरी आली होती. दुपारी मी चकल्या पाडत होते आणि ती शेजारी पाटावर बसून संगणकावर कसलीशी जुनी छायाचित्रे पाहत होती. "आई, हे बघ," म्हणाली. पाहते तो काळ्यापांढऱ्या रंगात एक भलेमोठे मैदान, चहूबाजूंनी कमानी, कडेला घुमट, आणि एका अंगाला सांडगे वाळत घातल्यासारखे बारीक बारीक उंचवटे, ओळीच्या ओळी. मी विचारले, "हे उन्हात काय घातले आहे?" ती हसतच सुटली. म्हणाली, "अगं, ते बाजाराचे छप्पर आहे. इराणातले इस्फहान शहर हे. विमानातून काढलेला फोटो आहे, आणि तोही शंभर वर्षांपूर्वी!"

चकल्या करपल्या, पण मी चार दिवस त्या माणसाचा पिच्छा सोडला नाही. थोरली वाचून दाखवी, मी विचारीत जाई. मथळे सगळे जर्मन भाषेतले, त्यामुळे तिलाही अडखळत वाचावे लागे. ते मी एका वहीत उतरवून घेतले, तीच वही आज हातात आहे.

त्या माणसाचे नाव वाल्टर मिटलहोल्झर. हे नाव नीट म्हणायला मला दोन दिवस लागले. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलन गावी १८९४ साली एका बेकरीवाल्याच्या घरी त्याचा जन्म झाला. आधी तो फोटोग्राफीचा धंदा शिकला, पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात सैन्यात विमान चालवायला शिकला. एका हाताला कॅमेऱ्याची सवय, दुसऱ्याला विमानाची. दोन्ही एकाच माणसापाशी जमून आली. १९१९ साली त्याने भागीदारीत एक लहानशी कंपनी काढली. विमानातून माणसे न्यायची आणि वरून छायाचित्रे काढून द्यायची, असा तो व्यवसाय. पुढे ती एका मोठ्या कंपनीत मिळाली, आणि त्या कंपनीतून १९३१ साली स्विसएअर उभी राहिली, तिचा तो तांत्रिक संचालक झाला.

हे सगळे वाचताना वाटते की जसे काही सरळच होत गेले. तसे नव्हते. १९२३ साली तो उत्तरेला स्पिट्सबर्गेन नावाच्या बर्फाळ बेटांवर गेला. दक्षिण ध्रुवावर सगळ्यांआधी पोचलेला अमुंडसन त्या वर्षी विमानाने उत्तर ध्रुवावरून येणार होता, त्याच्या मदतीला ही मंडळी निघाली होती. आणि अमुंडसनचे विमान चाचणीतच मोडले, तो बेत रहित झाला! वऱ्हाडी मांडवात आणि नवरदेवाचा पत्ता नाही, अशी गत. पण मिटलहोल्झर रिकाम्या हाताने परतला नाही. त्या बर्फाच्या डोंगरांवरून विमान फिरवून त्याने छायाचित्रे काढून आणली. मला त्याचे कौतुक वाटले ते तिथे. ज्या कामासाठी गेलो ते बुडाले, तरी चार उपयोगाच्या गोष्टी पदरात बांधून घरी यायचे, हे आपल्या बायकांच्या ओळखीचे आहे.

आता विमानातून फोटो काढायचा म्हणजे काय, ते मला समजले तसे सांगते. मिक्सर चालू असताना त्याच ओट्यावर वही ठेवून अक्षर काढून पाहा. तसेच विमानाचे. कॅमेरा विमानाच्या कडेला टेकवला की इंजिनाची थरथर चित्रात उतरते, म्हणून तो हातातच अधांतरी धरावा लागतो. वारा तोंडावर, थंडी हाडांत. खाली पंख आडवा येतो. शिवाय विमान थांबत नाही. पाहिजे ती जागा डोळ्यांसमोरून गेली की गेली. आणि त्याची कितीतरी चित्रे काचेवर घेतलेली आहेत, फिल्मवर नव्हेत. काच जड, काच फुटणारी, आणि मोजकीच बरोबर नेता येणारी. आज आपली मुले मोबाईलवर एका जेवणाच्या ताटाचे दहा फोटो काढतात, त्यांना हे सांगून पटायचे नाही.

दुसरी गंमत उन्हाची. भर दुपारी वरून पाहिले तर सगळे सपाट दिसते, कारण सावलीच नसते. सकाळी किंवा दिवस कलताना तिरपे ऊन पडले की घराची सावली, झाडाची सावली, तटाची सावली लांब होते आणि त्या सावलीवरून उंची कळते. त्याचे पिरॅमिडचे छायाचित्र पाहिले तेव्हा हे ध्यानात आले. पिरॅमिड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे त्रिकोण येतो. वरून तो चौकोन असतो, मधोमध चार रेघा एका ठिपक्यात मिळालेल्या. एक बाजू उजळ, एक काळी, म्हणून तो उंच आहे एवढे समजते.

इस्फहानच्या त्या मैदानाकडे परत येते, कारण माझे मन तिथून निघतच नाही. त्याचे नाव नक्श-ए-जहान. जहान म्हणजे जग, आणि नक्श म्हणजे चित्र. आपला नकाशा त्याच कुळातला. जगाचे चित्र! चारशे वर्षांपूर्वी शाह अब्बासने ते बांधले. लांबी सुमारे ५६० मीटर आणि रुंदी १६०. दक्षिणेला मोठी मशीद, पश्चिमेला राजवाडा, पूर्वेला एक लहान मशीद आणि उत्तरेला बाजाराची वेस. मैदानात उभ्या राहिलेल्या माणसाला मोठ्या मशिदीचा दरवाजा अगदी समोरासमोर, सरळ दिसतो. पण वरून पाहिले की कळते, दरवाजा तेवढा सरळ आहे, आणि आत मागे सबंध मशीद तिरकी वळलेली आहे. का, तर मशिदीचे तोंड मक्केच्या दिशेला हवे आणि मैदान त्या दिशेला बांधलेले नाही. मग कारागिरांनी काय केले? दरवाजा राजाच्या मैदानाला सोडला आणि मशीद देवाकडे वळवली. दोघांचाही मान राखला! सासर-माहेर सांभाळणाऱ्या बाईला हे शहाणपण सांगायला नको. रांगोळी काढताना खाली बसलेले असतो तोवर ठिपके चुकले की बरोबर आले ते कळत नाही, उठून चार पावले मागे गेले म्हणजे कळते. या माणसाने आकाशात जाऊन मागे पाहिले, एवढेच.

एक हळहळ मात्र लागून राहिली. ते घुमट निळ्या फरश्यांनी मढवलेले आहेत, आणि त्या काळच्या चित्रात निळा कुठला? सगळा राखाडी. थोरलीने मग आजचे रंगीत चित्र दाखवले. तरी मला जुनेच आवडले. निळा रंग मनाने भरून घेता येतो.

इराणची ही सफर १९२४-२५ सालची. तिच्याहून मोठी आफ्रिकेची. ७ डिसेंबर १९२६ रोजी झुरिकच्या तळ्यातून त्याचे विमान उठले. हो, तळ्यातूनच. त्या विमानाला चाकांऐवजी होडीसारखे दोन तराफे होते. आफ्रिकेत त्या वेळी विमाने उतरायला मैदाने कुठली असणार? पण नद्या होत्या, सरोवरे होती. जिथे पाणी तिथे उतरायचे. एकच इंजिन आणि चार माणसे: हा स्वतः, हार्टमान नावाचा यंत्रकामाचा माणूस, आर्नोल्ड हाइम हे भूगर्भशास्त्रज्ञ आणि रेने गूझी हे लेखक. इटली, ग्रीस, अलेक्झांड्रिया, मग नाईल नदी धरून कैरो, खार्टूम, पुढे व्हिक्टोरिया सरोवर, आणखी सरोवरे, पूर्व किनारा, आणि २१ फेब्रुवारी १९२७ ला केप टाऊन. युरोपातून आफ्रिकेच्या पार दक्षिण टोकापर्यंत ७७ दिवस! आपल्याकडे जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपालाचे विमान मुंबईला जुहूवर आणले ते ऑक्टोबर १९३२ मध्ये, म्हणजे ही गोष्ट त्याच्याही साडेपाच वर्षे आधीची.

नाईल वरून कशी दिसते ते त्याच्या चित्रांत पाहावे. काळ्या साडीला काठ असावा तशी नदीच्या दोन्ही बाजूंना शेतांची पट्टी, आणि काठ संपला की एकदम वाळू. मध्ये काही नाहीच. सगळा देश त्या काठावर जगतो हे भूगोलाच्या पुस्तकात मी पाचवीत पाठ केले होते. समजले ते आता, सेहेचाळिसाव्या वर्षी.

आज झुरिकहून केप टाऊनला माणूस एका रात्रीत जातो. माझ्या नणंदेच्या पुतण्याने वैमानिकाची नोकरी धरली आहे. त्याला मी विचारले, "तू एवढे देश पाहतोस, फोटो काढतोस की नाही?" तो म्हणाला, "मामी, मी देश पाहत नाही, धावपट्ट्या पाहतो. रात्री उतरायचे, गाडीतून हॉटेलात जायचे, पडदे ओढून झोपायचे, दुसऱ्या दिवशी परत." ढगांवरचे सूर्योदय मात्र त्याने पुष्कळ टिपले आहेत, फार सुंदर आहेत. पण त्यांत माणूस एकही नाही. मिटलहोल्झरला मधे मधे उतरणे भागच होते. पेट्रोल घ्यायला, दुरुस्तीला, हवा निवळेपर्यंत वाट पाहायला. उतरला की काठावर गाव, गावात माणसे. त्यामुळे त्याच्या पेटीत डोंगर आणि शहरे आली तशी बाजार, होड्या, झोपड्या आणि माणसेही आली.

पुढे १९२९-३० मध्ये तो किलिमांजारोच्या शिखरावरून उडाला. ५८९५ मीटर उंचीचा तो पहाड, त्याच्यावरून विमान नेणारा हा पहिलाच. मग सहारा ओलांडून चाड सरोवर. १९३४ साली हबसाणच्या सम्राटाला, हाइले सेलासीला, एक विमान पोचवायला गेला तेव्हाही कॅमेरा बरोबर होताच. इतक्या वेळा मृत्यूच्या दारावरून गेलेला माणूस, पण १९३७ च्या मे महिन्यात ऑस्ट्रियातल्या डोंगरात पायी चढताना अपघात होऊन गेला. वय ४३. माझ्याहून तीन वर्षांनी लहान.

आता तुम्ही म्हणाल, सगळे पुरुषांचेच चालले आहे. मलाही तसेच वाटले, म्हणून थोरलीला म्हटले, एखादी बाई शोध. सापडली! अमेरिकेतली मेरी लाइट, १९१६ चा जन्म. १९३७-३८ साली, अवघी एकवीस वर्षांची असताना, ती नवऱ्याबरोबर लहान विमानातून दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका फिरली. नुसती फिरायला गेली नव्हती. जाण्याआधी विमान चालवायला शिकली, बिनतारी संदेशाची कट्ट-कडकट्ट भाषा शिकली, आणि वाटेत छायाचित्रे काढण्याचे सगळे काम तिच्याकडे. पस्तीस हजार मैलांचा प्रवास. पेरू देशात नाझका म्हणून एक ओसाड पठार आहे, तिथे दीड-दोन हजार वर्षांपूर्वी लोकांनी जमिनीवर माकड, कोळी, पक्षी अशा प्रचंड आकृत्या काढून ठेवल्या आहेत. जमिनीवरून त्या नुसत्या रेघा दिसतात. ते पठारही तिने वरून टिपले. आफ्रिकेच्या तिच्या चित्रांचे पुस्तक १९४१ साली निघाले. लेखक म्हणून नाव नवऱ्याचे, छायाचित्रे मेरीची. पुढे तिचे दुसरे लग्न झाले आणि ती मेरी मीडर झाली. ९१ वर्षांची होऊन २००८ साली वारली. पुस्तकावर एक नाव आणि म्हातारपणी दुसरे. शोधायला थोरलीला वेळ लागला तो म्हणूनच. बायकांची नावे अशी वाटेत बदलतात आणि मागे माग राहत नाही. पण निदान तिचे नाव कुठेतरी छापलेले आहे.

आणि इथेच मला जे सांगायचे आहे ते आले.

मिटलहोल्झरच्या चित्रांत डोंगराचे नाव असते. सरोवराचे असते, गावाचे असते, विमानाचे तर असतेच. आफ्रिकेला नेलेल्या विमानाचे नाव "स्वित्झर्लंड". बरोबरच्या गोऱ्या मंडळींची नावे असतात. पण नाईलच्या काठी शिल्लुक नावाचे लोक राहतात, त्यांची चित्रे पाहिली तर खाली फक्त जमातीचे नाव. पुरुष, बाई, मूल, जमात. झाले. काहींच्या अंगावर कपडे कमी आहेत, आणि तेच युरोपातल्या लोकांना दाखवून पुस्तके आणि चित्रपट खपवले गेले. आज त्यांच्याच देशातले अभ्यासक यावर टीका करतात. थोरली तर फार चिडली होती. ती म्हणाली, "या माणसांना त्याने डोंगरासारखे टिपले आहे." मी म्हटले, "डोंगराला तरी नाव दिले आहे गं."

मी चिडले नाही. का, ते सांगते. हे मी मंडळात आजवर कोणाला सांगितलेले नाही.

माझी सातवीचा निकाल लागला त्याच वर्षी माझी आई गेली. धाकटी दोघे भावंडे, त्यांचे कोण करणार, म्हणून माझी शाळा तिथे थांबली. आमच्या घरी आईचा फोटो नव्हता. लग्नातही कोणी काढला नव्हता. तेराव्याला पाटावर नुसता कलश मांडला होता, एवढे आठवते. वर्षे गेली तसा तिचा चेहरा माझ्या मनातून पुसत चालला. डोळे आठवत, पण नाक आठवेना. आरशात पाहून वाटे, हे नाक तिचे असेल का?

लग्नानंतर सात-आठ वर्षांनी नणंदेबरोबर मी छायाचित्रांच्या एका प्रदर्शनाला गेले होते. खरे म्हणजे शेजारच्या सभागृहात साड्यांचा सेल होता, तिकडे निघालो होतो. आत शिरलो आणि समोरच्या भिंतीवर आई. दोन हात लांबरुंद चित्र. सोमवारच्या बाजारात ती बसली आहे, पुढे मेथीच्या जुड्या आणि वांग्यांचा ढीग, हातात तराजू उचललेला, आणि कोणाकडे तरी बघून हसते आहे. चोळीची एक बाही वेगळ्या कापडाची. ती बाही मीच जोडली होती, पहिलाच शिवणाचा प्रयोग, वाकडी झाली होती. तराजूच्या दोरीला लाल चिंधी. आणि चित्राच्या अगदी कडेला अर्धी वेणी दिसते, रिबीन सुटलेली. ती मी.

खाली लिहिले होते, "भाजीवाली".

तिथे बसलेल्या गृहस्थांना मी सांगितले, ही माझी आई आहे. ते म्हणाले, "बाई, असे पुष्कळ लोक सांगतात." माझी नणंद त्यांच्याशी भांडायला उठली, मी तिला ओढून बाहेर आणले. शेवटच्या दिवशी आमचे घरचे जाऊन पुन्हा पुन्हा विनवण्या करून आले तेव्हा त्यांनी पोस्टकार्डाएवढी एक प्रत करून दिली. खालचा मथळा बदला म्हटले, तो काही बदलला नाही.

तर भगिनींनो, ज्या कोणी माणसाने तो फोटो काढला त्याच्यावर मी रागावू की त्याच्या पाया पडू, हे मला अजून ठरवता आलेले नाही. तो त्या सोमवारी आमच्या बाजारात उतरला नसता तर माझ्या मुलींना आजी कशी होती हे कधीच कळले नसते. नाक तिचेच आहे, थोरलीच्याही तोंडावर तेच आहे. पण मेथीची जुडी पिशवीत टाकायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात नाव विचारून होते. आईने सांगितले असते. तिला बोलायला आवडे. एखादी जुडी वरती घातली असती.

म्हणून त्या शिल्लुक बायकांची चित्रे मी एकेक करून पाहिली. थोरली म्हणाली, "काय शोधते आहेस?" काय शोधत होते कोण जाणे. त्यांनाही मुली असतील, नाती असतील. तो भाग आता दक्षिण सुदान देशात आहे. तिकडच्या एखाद्या घरात एखादी बाई आरशात स्वतःचे नाक पाहत असेल, आणि तिच्या आजीचे चित्र झुरिकमध्ये ठेवलेले आहे हे तिला ठाऊकही नसेल.

मात्र एक गोष्ट कळली आणि बरे वाटले. मिटलहोल्झरची सुमारे साडेअठरा हजार चित्रे झुरिकच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत आणि ती कोणालाही घरबसल्या पाहता येतात. त्या ग्रंथालयाने असे केले आहे, की चित्रातली जागा, विमान, माणूस, काही ओळखीचे निघाले तर जगातल्या कोणीही तसे कळवावे, ते तपासून मथळ्यात घालतात. स्विसएअरचे सेवानिवृत्त कर्मचारी जुनी चित्रे पाहून हे विमान कोणते, हा माणूस कोण, हे लिहून देत असत. म्हातारपणी बसून किती चांगले काम! तेव्हा दार उघडे आहे. कोणी सांगावे, एखादे दिवशी नाईलच्या काठावरूनही पत्र जाईल, की ही भाजीवाली नव्हे, ही अमुक.

आईचे ते छायाचित्र मी संपादिकाबाईंकडे दिले आहे. स्मरणिकेत या भाषणाशेजारच्या पानावर ते छापणार आहेत. खाली तिचे पूर्ण नाव, माहेरचे आणि सासरचे, दोन्ही.

आणखी एक काम आहे. आपल्या मंडळाच्या पहिल्या वर्षीचे समूहचित्र कपाटात होते, ते काढून बाहेर टेबलावर ठेवले आहे. पाठीमागे फक्त तारीख आहे. पुढच्या ओळीतल्या बाया बहुतेक ओळखू आल्या. मागच्या ओळीत डावीकडून तिसऱ्या आणि पाचव्या, आणि ज्यांच्या कडेवर मूल आहे त्या, या तिघींची नावे चिटणीसबाईंनाही ठाऊक नाहीत. आज जुन्या मावशी, काकू आल्या आहेत. जाताना चष्मा लावून पाहून जा. चित्राशेजारी वही आणि पेन्सिल ठेवली आहे. ज्यांना लिहायला जड जाते त्यांनी मला सांगा, मी लिहून घेईन.

आता दिवे मालवा. थोरली पडद्यावर चित्रे दाखवणार आहे. पहिले इस्फहानचे आहे. सांडगे कुठे आहेत ते पाहा.